कारीट फुटलं नाही ती दिवाळी

हे लिहायला घेण्याआधी ओवीची परवानगी घेतली. आजार तिचा, पाय तिचा, तेव्हा मालकीही तिचीच. तिने दोन अटी घातल्या. तिला कुठेही 'बिचारी' म्हणायचं नाही, आणि पाळीला पाळीच म्हणायचं. 'अडचण', 'बाहेरची' वगैरे लाजरे शब्द चालणार नाहीत. मी दोन्ही मान्य केल्या. वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं की मी डॉक्टर नाही, बँकेतली बाई आहे. इथे आहे ते एका घाबरट आईने पाहिलेलं आणि सोसलेलं. औषधपाणी ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून करावं.

घाबरट हा शब्द उगाच नाही वापरला. काळजी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. माझा नवरा सुहास म्हणतो, राईचा पर्वत करावा तर मेधाने. त्या वर्षी मात्र पर्वत समोर उभा होता आणि घरातले सगळे त्याला राई म्हणत होते. त्यात मीही होते.

पाय भारी लागतो

आम्ही कोलकात्यात बालीगंजला राहतो. सुहासची आयटीतली नोकरी इथे, म्हणून मीही बँकेतून बदली मागून घेतली. रोज लोकलने बजबजच्या शाखेत जाते. ओवी केजीत असताना आम्ही इथे आलो, आता ती नववीत होती. दुर्गापूजेची लांबलचक सुट्टी लागली की कोलकाता रस्त्यावर उतरतं आणि आम्ही सांगलीची गाडी पकडतो. सांगलीला सुहासचं घर. तिथे मोठे दीर आणि वर्षावहिनी राहतात, आणि घरात नवरात्राचे घट बसतात. वहिनींना मूलबाळ नाही. ओवी त्यांचा जीव की प्राण, आणि ओवीलाही काकू म्हणजे सख्ख्या आईपेक्षा काकणभर सरस.

दसरा झाला आणि लगेच परत निघालो, कारण मला कामावर हजर व्हायचं होतं. पुण्याहून हावड्यापर्यंत दीड दिवसाचा प्रवास. ओवीला वरचा बर्थ मिळाला. निघायच्या सकाळीच तिची पाळी सुरू झालेली. पोरगी जी वर चढली ती जवळजवळ उतरलीच नाही. पाणीसुद्धा घोट घोट. गाडीतल्या त्या संडासात जायला लागू नये म्हणून आपल्याकडच्या मुली, बायका सगळ्या हेच करतात. मीही आयुष्यभर हेच केलंय, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं मनातही आलं नाही.

कोलकात्याला आल्यावर आठवडाभराने तिने पहिल्यांदा म्हटलं, "आई, डावा पाय भारी लागतोय."

ओवीच्या मराठीत बंगाली अशी अधूनमधून डोकावते. सुहासला ते सहन होत नाही. पेपर बाजूला न करताच तो म्हणाला, "भारी नाही गं, जड."

"ओके, जड. पण लागतोय ना."

मग घरोघरी होतं तेच झालं. प्रत्येकाकडे एक कारण तयार होतं. सुहास म्हणाला, दिवसभर मोबाईल घेऊन लोळल्यावर दुसरं काय होणार. मी म्हटलं, वाढत्या वयाचं दुखणं. सांगलीहून फोनवर वहिनी म्हणाल्या, तेल लावून दाबून घे. ओवीने काही दाबून घेतलं नाही. चौदा वर्षांच्या मुली आईला पायाला हात लावू देत नाहीत. ती सैल पायजमे घालून सोफ्यावर पाय लांब करून पडायची आणि मी येता-जाता म्हणायची, जरा हालचाल कर. तिसऱ्या मजल्यावर चढताना ती मध्येच थांबायला लागली, तेव्हा मनात कुठेतरी टोचलं. पण दिवाळी तोंडावर होती. चकलीची भाजणी सांगलीहून आली होती आणि चकल्या काही केल्या जमत नव्हत्या. माझं सगळं लक्ष त्या कढईत.

पाटावर

नरकचतुर्दशीची पहिली आंघोळ आमच्याकडे चुकत नाही. परक्या गावात राहायला लागल्यापासून तर मी ती जास्तच हट्टाने करते. आदल्या संध्याकाळी शेजारच्या शुक्लादींनी त्यांच्या दारात भूतचतुर्दशीचे चौदा दिवे लावले होते आणि आम्हाला चौदा पालेभाज्यांची भाजी दिली होती. शुक्लादी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, एकट्या राहतात. त्यांची भूतं आदल्या दिवशी, आमचा नरकासुर दुसऱ्या दिवशी पहाटे. कोलकात्यात कारीट मिळत नाही, म्हणून वहिनींनी येताना ओवीच्या बॅगेत एक कारीट घालून दिलं होतं. ते छोटंसं कडू फळ डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, म्हणजे नरकासुर मेला.

वर्षातून हाच एक दिवस ओवी माझ्या हाती लागते. पेंगुळलेली, पाटावर बसलेली, कपाळाला कुंकू. मी तेल कोमट केलं, आधी डोक्याला लावलं, मग हातांना, पाठीला. आणि मग पाय. लहानपणी करायची तसे दोन्ही पाय एकदम घेतले, दोन हातांत दोन पोटऱ्या.

माझ्या उजव्या हाताला एक पाय लागला आणि डाव्या हाताला दुसरा, आणि ते एका मुलीचे नव्हते.

तिचा उजवा पाय नेहमीचा होता, मऊ, गार. डावा गरम होता. ताप आलेल्या कपाळासारखा गरम. आणि टणक. मी जरा दाबलं तर ती कळवळून म्हणाली, "आई, नको ना!"

एरवी मी म्हटलं असतं, थांब, चोळून काढते, आत्ता बरं वाटेल. तळहातावर तेलही घेतलं होतं. पण तिचा तो आवाज लाडातला नव्हता. मी तिला उभी केली, दिवा लावला आणि मागून बघितलं. डाव्या पायाचा रंग वेगळा होता. जांभळट लाल. गुडघ्यामागे नेहमी न दिसणाऱ्या शिरा दिसत होत्या. कारीट समोर ठेवलं होतं. सवयीने तिने पाय उचलला, अंगठा टेकवला, आणि जोर देता येईना म्हणून मुकाट्याने खाली घेतला.

"राहू दे," मी म्हटलं. "नंतर फोडू."

सुहासला हाक मारली. तो डोळे चोळत आला, म्हणाला, "सुजलाय थोडा. मुरगळला असेल."

मुरगळला तर घोट्याला सूज येईल, मांडीपर्यंत कशी येईल? मला दोन्हींची तुलना करायची होती आणि घरात टेप सापडेना. तिच्या नव्या सलवारीची नाडी हाताशी होती. ती उजव्या पोटरीभोवती गुंडाळली, जिथे टोक जुळलं तिथे गाठ मारली. मग तीच नाडी डाव्या पोटरीला. टोक गाठीपर्यंत पोचेना. चांगली दोन बोटं कमी पडली.

सुहास म्हणाला, "फराळ करून जाऊ या ना. आज कालीपूजा, सकाळी सकाळी कोण भेटणार?"

"तू फराळ कर," मी म्हटलं. "मी टॅक्सी बघते." अंगावरचं तेलसुद्धा पुसलं नाही मी तिच्या. वरून फ्रॉक चढवला आणि निघालो. सुहास चप्पल हातात घेऊन जिन्यातून धावत आला.

नाडी

सणाच्या दिवशीचं हॉस्पिटल तुम्हाला माहीत असेल. नेहमीचे डॉक्टर नाहीत, जे आहेत ते सगळीकडे एकटेच. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरने पाय पाहिला, घोटा फिरवून पाहिला आणि म्हणाला, स्नायू दुखावलाय, क्रेप बँडेज बांधा, आराम करू द्या. त्याच्या मागे फटाक्याने भाजलेली माणसं रांगेत होती. त्याला मी दोष देत नाही. लहान मुलांत हे विरळा, आणि त्याच्यासमोर तेलकट केसांची एक मुलगी आणि तिची हातवारे करणारी आई होती.

सुहास उठायला लागला. मी उठले नाही. बँकेत काउंटरवर खेटून उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकांचा मला राग येतो; त्या दिवशी मी त्यांच्यातलीच एक झाले. पर्समधून नाडी काढली आणि त्याच्यासमोर दोन्ही पायांना लावून दाखवली.

तो खुर्ची ओढून बसला आणि पहिल्यापासून विचारायला लागला. कधीपासून? एकाच पायाला? लांबचा प्रवास? धाप लागते? शेवटच्या प्रश्नावर ओवी म्हणाली, "जिन्यात लागते." त्याने फोन उचलला.

पायाच्या शिरांची सोनोग्राफी करणारे डॉक्टर घरून यायचे होते. ते येईपर्यंतचा वेळ कसा गेला ते मला विचारू नका. ओवी स्ट्रेचरवर मोबाईलवर काहीतरी बघत हसत होती. पोरगी हसतेय म्हणजे काही नसणार, असं मी मनाशी घोकत होते.

तपासणीच्या खोलीत मला आत घेतलं. डॉक्टर तिच्या मांडीवर जेल लावून ते यंत्र दाबत होते. उजव्या पायाची शीर दाबली की मिटायची, सोडली की उघडायची. डाव्या पायाची शीर दाबली तरी मिटतच नव्हती. मला त्यातलं काही कळत नसूनही ते कळलं. पोटरीपासून मांडीच्या वरपर्यंत तिच्या शिरेत रक्ताची गुठळी बसली होती.

हलू द्यायचं की नाही

रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरबाई दुपारी आल्या. कालीपूजेची लाल काठाची साडी, वर पांढरा कोट. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माँ, रोइए मत. आज ही ले आईं, बहुत अच्छा किया."

मी पहिला प्रश्न विचारला तो तेलाचा. मी दाबलं. जास्त दाबलं असतं तर?

त्या खरं बोलल्या, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणाल्या, असा सुजलेला पाय चोळू नये. गुठळीचा तुकडा सुटला तर रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊ शकतो, आणि मग जिवावर बेततं. तुमचा हात वेळेत थांबला. आता तो विचार सोडून द्या.

सोडून द्या म्हणणं सोपं असतं. माझ्या डोक्यात त्या क्षणापासून एकच गोष्ट बसली : तो तुकडा. ओवीच्या मांडीत काहीतरी टांगणीला लागलंय आणि ते कधीही सुटेल. ती खोकली की मी तिच्या तोंडाकडे बघायची. कूस बदलायला लागली की हलू द्यायचं की नाही, हाच प्रश्न. इंजेक्शनं सुरू झाली होती. गुठळी वाढू नये, नवी होऊ नये म्हणून. आहे ती शरीरच हळूहळू विरघळवतं म्हणे. हळूहळू हा शब्द माझ्या शत्रूलाही ऐकायला न लागो.

डॉक्टरबाईंनी बरंच विचारलं. घरात कोणाला असं झालंय का? अलीकडे ऑपरेशन, प्लास्टर, मोठा ताप? कुठली औषधं, गोळ्या? मी सगळ्याला नाही म्हटलं. त्यांनी ओवीलाही वेगळं विचारलं, कुठल्या गोळ्या घेतल्यास का? ओवी चादरीकडे बघत म्हणाली, "ना."

प्रवासाचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. तासन्‌तास न हलणं, पाणी न पिणं, हे कारण असू शकतं, म्हणाल्या. पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. चौदा वर्षांच्या धडधाकट मुलीत फक्त तेवढ्याने इतकी मोठी गुठळी सहसा होत नाही.

वॉर्ड

मुलांच्या वॉर्डात एकच माणूस राहू देत. मी राहिले. शेजारच्या खाटेवर एक अगदी छोटी मुलगी होती. बरेच दिवस औषध देण्यासाठी तिच्या दंडाच्या शिरेत नळी घातली होती आणि त्याच हाताला गुठळी झाली होती. तिच्या आईने बोटं सुजलेली पाहिली आणि आरडाओरडा करून सिस्टरला आणलं. ती बजबजचीच निघाली, माझी शाखा तिला माहीत होती. आम्हा दोघींना बंगाली आणि हिंदीची खिचडी करून बोलायला तेवढंच निमित्त पुरलं. गुठळी म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार, असं आम्हा दोघींनाही वाटत होतं. तिचा नवरा ज्यूट मिलमध्ये, माझा आयटीत, आणि अडाणीपण अगदी सारखं.

त्याच दिवशी लक्ष्मीपूजनही होतं; संध्याकाळी बाहेर फटाके वाजत होते आणि खिडक्या बंद होत्या. ओवीसाठी भाताबरोबर माशाचा पातळ झोल आला. ती म्हणाली, "ह्यात मासा पोहून गेलाय फक्त." मी हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की सकाळपासून काही खाल्लंच नाही. तेवढ्यात शुक्लादी डबा घेऊन खालच्या दारात आल्याचा निरोप आला. आमच्याच स्वयंपाकघरातल्या चकल्या त्यांनी सुहासकडून किल्ली घेऊन भरून आणल्या होत्या. म्हणाल्या, "तोमार दोरजाय प्रोदीप दिये एशेछि. कालीपूजोर दिन, घर अंधार रखने का नहीं." आमच्या दारात त्यांनी पणती लावली होती. घरचं लक्ष्मीपूजन एका बंगाली बाईने, आमच्या गैरहजेरीत, बंद दारासमोर केलं. त्या मोडक्या चकल्या मला कधी इतक्या गोड लागल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओवी उशीवर रेलून बसली होती. एकदम म्हणाली, "आई, श्वास घेतला की इथे टोचतंय." तिने छातीच्या कडेला बोट ठेवलं.

मी सिस्टरला हाक मारली म्हणे. मला आठवत नाही. सगळा वॉर्ड वळून बघत होता एवढं आठवतं. बोटाला क्लिप लावली, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि छातीचा स्कॅन करायला खाली न्यायचं ठरलं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर, एक वॉर्डबॉय, मी. ओवीने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतत होती.

"आई, मी खोटं बोलले."

"काय?"

"गोळ्या घेतल्या होत्या. नवरात्रात. काकूने दिल्या." ती रडायला लागली. "अष्टमीला पाळी येणार होती ना, म्हणून पुढे ढकलायच्या. काकू म्हणाली आईला सांगू नको, ती डोक्यात राख घालून घेईल. आई, मी मरणार का?"

लिफ्टचं दार उघडलं. मला तिला आत नेतानाच ओरडून सांगावं लागलं, डॉक्टरबाईंना कळवा, तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. कुठे, कोणासमोर ओरडतेय याचं भान नव्हतं. मग दार बंद झालं आणि मी बाहेर राहिले.

बाहेरच्या बाकावर मी देवाला काय काय कबूल केलं ते त्यालाच माहीत. त्यातलं बरंचसं मी पाळलेलं नाही.

फुप्फुसं मोकळी होती. टोचत होतं ते बहुतेक स्नायूचं, एकाच कुशीवर पडून. डॉक्टरबाईंनी स्वतः येऊन सांगितलं. मग ओवीच्या उशाशी बसून म्हणाल्या, "अब सच बोल दिया, अब इलाज आसान है." त्या तिच्यावर रागावल्या नाहीत. मला बाहेर नेऊन म्हणाल्या, या गोळ्यांनी रक्त गोठण्याकडे कल वाढू शकतो. बहुतेकींना काही होत नाही. पण गोळ्या, त्यावर लगोलग दीड दिवस न हलता प्रवास, त्यात पाणी नाही. एकटं कारण क्वचितच असतं, सगळी एकत्र आली. आनुवंशिक काही आहे का त्याच्या तपासण्या नंतर करू. (पुढे केल्या. तसं काही निघालं नाही.)

सांगलीचा फोन

मी कॉरिडॉरमधून वहिनींना फोन लावला. काय काय बोलले ते लिहीत नाही. विचारून द्यायचं होतं, डॉक्टरला नाही तर निदान मला, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. वहिनी अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मेधा, अगं, तुलाही मीच दिल्या होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात. आपण सगळ्यांनीच घेतल्यात की."

ते खरं होतं. मी विसरूनही गेले होते. आमच्या घरात ती गोळी म्हणजे औषध नव्हतंच. पूजेच्या सामानात कापूर, वाती आणि ती.

"पोरी सगळ्या आरतीला उभ्या राहणार आणि ही मागच्या खोलीत खुर्चीवर बसणार," वहिनी म्हणाल्या. "मला बघवलं नसतं गं. वर्षातून एकदा येते ती."

मी फोन ठेवला. राग कुठे ठेवायचा तेच कळेना. पुढे कित्येक महिने आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. सुहासने मध्यस्थी करून पाहिली; मी त्याला म्हटलं, तू 'भारी' आणि 'जड'चं बघ.

वहिनींनी मात्र एक सुरू केलं. रोज संध्याकाळी त्या ओवीला फोन करायच्या. मला नाही, तिलाच. आणि एकच विचारायच्या, "पाणी किती प्यायलीस?" ओवी डोळे फिरवायची, पण उत्तर द्यायची.

सुया

घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ पोटावर इंजेक्शन. सिस्टरने शिकवलं होतं, चिमटीत कातडी धरायची आणि सरळ टोचायचं. सुहासने धीराने सिरिंज हातात घेतली आणि खुर्चीवर बसला तो पाणी मागूनच उठला. मग ते माझ्याकडे आलं. माझी सुई हमखास तिरकी जायची. ओवीचं पोट निळ्याजांभळ्या डागांनी भरलं. एके सकाळी ती म्हणाली, "दे इकडे. तुझ्यापेक्षा मी बरी." आणि स्वतः टोचून घेतलं. मी न्हाणीघरात जाऊन रडले, अभिमानाने आणि थोडं हातचं काम गेल्याच्या दुःखानेही.

त्या काळातली पहिली पाळी भयंकर होती. रक्त पातळ ठेवणारं औषध चालू, म्हणजे होणारच होतं. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं, किती जातंय ते बघा, लाजू नका, फोन करा. आम्ही केला. त्यांनी सांगितलेल्या उपायाने सावरलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण हे कोणी लिहीत नाही.

गुठळी विरली. पूर्ण विरायला थंडी सरली. खूप उभं राहिलं तर डावी पोटरी अजून संध्याकाळी किंचित फुगते, मग ओवी घट्ट मोजा घालते. आता आम्ही गाडीने गेलो की ती मधल्या स्टेशनांवर डब्यात येरझाऱ्या घालते आणि बाटली संपवते. संडासाला नाक मुरडायचं आम्ही सोडून दिलंय. पुढे कधी ऑपरेशन झालं, पाय प्लास्टरमध्ये गेला किंवा कोणी हार्मोनची गोळी लिहून दिली, तर हे सगळं आधी सांगायचं, हे तिला पाठ आहे. तुमच्या घरी एखाद्या मुलाचा एकच हात किंवा एकच पाय सुजला, गरम लागला, रंग बदलला, तर दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून बघा. चोळू नका. आणि धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, तर फराळासाठीसुद्धा थांबू नका.

पुढची दिवाळी

त्या दिवाळीच्या आधी वहिनींचा फोन माझ्या मोबाईलवर आला. "येऊ का?" एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "या."

त्या उटणं, भाजणी आणि एक कारीट घेऊन आल्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात चकल्यांविषयी बोललो, दुसरं काही नाही. त्यांच्या चकल्या जमल्या, हे सांगायला नको.

पहाटे मी पाट मांडला. वहिनी वाटीत तेल कोमट करून बसल्या होत्या. ओवी न्हाणीघरातून आली ती दारातच थांबली. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत म्हणाली, "काकू, माझी पाळी आलीय. आत्ताच."

सांगलीच्या घरात अशा वेळी बाईला कोणी तेल लावत नाही. ती लांब बसते, तिचं तिने उरकायचं. ओवीला ते चांगलं ठाऊक होतं. तरी ती सरळ उभी होती. काही बोलायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं.

वहिनींनी वाटी खाली ठेवली. पाट पायाने जरा पुढे सरकवला.

"मग? बस की," त्या म्हणाल्या. "आणि आधी तो तांब्या उचल. पाणी पी."

ओवी तांब्याभर पाणी उभ्यानेच प्यायली आणि बसली. वहिनींनी डोक्याला तेल लावलं, हातांना, पाठीला. मग तिचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि दोन हातांत दोन पोटऱ्या धरून नुसत्याच बसून राहिल्या. चोळलं नाही, दाबलं नाही.

"मेधा," त्या म्हणाल्या, "मला कळेना झालंय. तू बघ गं. सारखेच आहेत ना?"

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांच्या हातांवरून माझे हात नेले. उजवी गार होती. डावीही गार होती.

"सारखेच आहेत, वहिनी."

"दोघींचं झालं असेल तर मी उठू का?" ओवी म्हणाली. "थंडी वाजतेय मला."

ती उठली, भिंतीला हात टेकला आणि डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं.